ग्रीकमध्ये जहाज आणि जडपणा

ग्रीकमध्ये जहाजाला एकच शब्द पाठ करून भागत नाही. तिकीट, वेळापत्रक, बातमी यांत ‘प्लीओ’. रोजच्या बोलण्यात, गाण्यांत ‘काराव्ही’. छोटी होडी ‘व्हार्का’, आणि लाकडी पारंपरिक नाव असेल तर ‘काईकी’.

‘जड’ हे विशेषण लिंगानुसार बदलतं: पुल्लिंगी ‘व्हारीस’, स्त्रीलिंगी ‘व्हार्या’, नपुंसकलिंगी ‘व्हारी’. प्लीओ आणि काराव्ही नपुंसकलिंगी, म्हणून ‘व्हारी काराव्ही’. पण व्हार्का स्त्रीलिंगी, म्हणून ‘व्हार्या व्हार्का’. (मराठीत जड सगळीकडे जडच राहतं, त्यामुळे आपली इथे हमखास गफलत होते.) वजन म्हणजे ‘व्हारोस’.

इंग्रजीतला प्रत्येक ‘हेवी’ मात्र इथे चालत नाही. कडक हिवाळा ‘व्हारीस’ असतो, पण मुसळधार पाऊस ‘धिनाती’, म्हणजे जोरदार.