अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून लगेच खर्च करू नका, आधी या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत माझ्या पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज १६ वरून १३ वर आलं. मी पुण्यात राहतो आणि गाव साताऱ्याच्या पलीकडे. त्यामुळे महिन्यातून दोनदा हायवे आणि एरवी शहर असा वापर ठरलेला. रस्ते तेच, चालवणारा तोच, गाडी मात्र पेट्रोल पीत होती. गॅरेजमध्ये सांगितलं, एअर फिल्टर बदला. बदलला. मग प्लग बदलले, इंजेक्टर साफ करून घेतले. साडेसात हजार रुपये गेले आणि आकडा १३ चा १३.

शेवटी गावाकडच्या एका मेकॅनिक काकांनी पाच मिनिटांत दुखणं पकडलं. सकाळची वेळ, गाडी रात्रभर उभी असल्याने पूर्ण थंड. त्यांनी मला गाडी सुरू करायला लावली आणि रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या जाड रबरी पाइपवर हात ठेवून ते गप्प उभे राहिले. दोन मिनिटांत पाइप कोमट झाला. "याचा थर्मोस्टॅट कुणीतरी काढलाय," काका म्हणाले. खोलून पाहिलं तर जागा खरंच रिकामी होती. आदल्या उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून एका गॅरेजला दाखवली होती. तिथे मला न विचारता तो काढून टाकला होता.

थर्मोस्टॅट ही कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, वाटेवरची छोटी झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहते, म्हणून कुलंट इंजिनातच फिरून लवकर तापतं. साधारण ८२ ते ९० अंशांना ती उघडते आणि मग गरम कुलंट रेडिएटरकडे जातं. झडप नसेल किंवा उघडी अडकली असेल, तर पहिल्या मिनिटापासून कुलंट रेडिएटरमधून थंड होऊन परत येतं. थंडीत हायवेवर तर इंजिन नीट तापतच नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन अजून थंड आहे, आणि तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढणं हा आपल्याकडचा जुना तोडगा आहे. गाडी गरम होण्याचं मूळ कारण बहुतेकदा पंखा, रेडिएटर किंवा गळणारं कुलंट असतं. ते तसंच राहतं, आणि पेट्रोलचा खर्च मात्र कायमचा मागे लागतो.

पाइपला हात लावायचा तर इंजिन थंड असतानाच, पंख्यापासून बोटं लांब ठेवून. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपकडे असतो, तिथे ही खूण चालत नाही. अशा वेळी गॅरेजमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून कुलंटचं तापमान बघायला सांगा. पंधरा-वीस मिनिटं चालवल्यावरही ते साठ-सत्तरच्या घरात रेंगाळत असेल तर संशय पक्का. स्कॅनरवर पी ०१२८ हा कोड आला तर त्याचाही अर्थ हाच की इंजिन हवं तेवढं तापत नाहीये.

अंदाजावर बोलणं

माझे साडेसात हजार गेले ते अंदाजामुळे. निदान आकडा तरी मी नीट मोजत होतो. बहुतेक जण तेही करत नाहीत. पाचशेचं पेट्रोल टाकलं, काटा इतका खाली आला, म्हणजे अ‍ॅव्हरेज पडलं, असा हिशोब असतो. काटा सरळ रेषेत खाली येत नाही. टाकीचा आकार वेडावाकडा असतो, चढावर उभी गाडी वेगळा काटा दाखवते. डॅशबोर्डवरचा आकडाही बऱ्याच गाड्यांत थोडा वाढवून दिसतो.

टाकी फुल करा आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबवायला सांगा. पैसे पूर्ण आकड्यात आणायला वरून आणखी टाकू देऊ नका. किलोमीटर लिहून ठेवा. निदान साडेतीनशे किलोमीटर चालवा आणि शक्यतो त्याच पंपावर, त्याच पद्धतीने पुन्हा फुल करा. थर्मोस्टॅट बसवल्यानंतरची माझ्या वहीतली नोंद अशी आहे: ३८२ किमी, २३.४ लिटर, म्हणजे १६.३. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन टाक्यांची सरासरी घ्या. मोठ्या घेराचे टायर टाकले असतील तर किलोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदले जातात आणि अ‍ॅव्हरेज कागदावरच पडतं, हेही ध्यानात असू द्या.

तुलना स्वतःच्या जुन्या आकड्याशीच करा. जाहिरातीतला आकडा गाड्यांची चाचणी घेणाऱ्या, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. आजवरचे हे आकडे एसी बंद ठेवून आणि वेग ताशी ९० च्या वर न नेता आलेले आहेत. त्यात कात्रजचा चढ नाही आणि सिंहगड रोडची संध्याकाळही नाही.

पंपावर मापाचा संशय आला तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितल्यावर मोजून दाखवावं लागतं. सकाळी लवकर भरलं की पेट्रोल जास्त मिळतं, हे मात्र डोक्यातून काढा. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

"कितीची भरू?" "नेहमीची."

हवा भरणारा पोरगा विचारतो आणि आपण हे उत्तर देतो. मग तो सगळ्यांना जी भरतो तीच आपल्यालाही भरतो. गाडीला किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकरवर लिहिलेलं असतं. चार जण आणि सामान असेल तर वेगळा आकडा असतो, आणि तोही तिथेच असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नसतो.

हवा टायर थंड असताना तपासायची. हायवेवरून तासभर आल्यावर तपासली तर आकडा तीन-चारने जास्त दिसतो. मग पोरगा हवा काढतो आणि सकाळी टायर कमी हवेचे असतात. हवामानाचाही परिणाम मोठा असतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. मे महिन्यातल्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरातल्या पहाटे नुसत्या थंडीनेच चार पीएसआयने कमी भरते, रोजची बारीक गळती वेगळीच. ट्यूबलेस टायर तर अगदी खाली जाईपर्यंत बसलेला दिसत नाही. कमी हवेचा टायर जमिनीवर जास्त दबतो, दर फेऱ्याला जास्त वाकतो, तापतो आणि इंजिनाची ताकद खातो.

नायट्रोजनवर पैसे घालवायची गरज नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरून घेतलेली माणसं पुढचे तीन महिने तपासायची सोडतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. पंधरा दिवसांतून एकदा, स्टिकरवरच्या आकड्याने साधी हवा भरा.

घाट उतरताना न्यूट्रल

ही सवय मोडावी म्हणून मी भेटेल त्याला सांगतो. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना अजूनही लोक गाडी न्यूट्रलला टाकतात, काही जण तर इंजिनच बंद करतात. कार्बोरेटरच्या काळात यात थोडं तरी पेट्रोल वाचायचं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं होतं. गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. उतारावर चाकंच इंजिन फिरवत असतात, त्यामुळे इंधन लागतच नाही. न्यूट्रलला टाकलंत की इंजिनाला स्वतःच्या जोरावर चालत राहावं लागतं आणि त्यासाठी पेट्रोल जळतं. म्हणजे वाचवायला जाता आणि उलट जाळता.

त्याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. गिअर नसला की सगळा भार ब्रेकवर येतो. घाटभर ब्रेक दाबून ते तापले की पायाखाली पेडल नुसतं जातं, गाडी थांबत नाही. इंजिन बंद केलं तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकला जोर देणारा बूस्टर संपतो आणि पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंगही जड होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा.

अडकलेला ब्रेक

अ‍ॅव्हरेज हळूहळू पडण्याचं हे कारण गॅरेजमध्येही सुटून जातं. पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस हँडब्रेक ओढून उभी राहिली की मागच्या चाकांतले ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना गंजतात. सर्व्हिसिंगमध्ये कुणीतरी हँडब्रेकची केबल गरजेपेक्षा जास्त ताणतं. मग एक चाक सतत किंचित दाबलेलं राहतं, आणि गाडी चालवताना ते जाणवतही नाही.

तपासायला सोपं आहे. मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर, शक्य तितका कमी ब्रेक लावत जा. थांबल्यावर प्रत्येक चाकाच्या रिमजवळ तळहात न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागलं, किंवा जळका वास आला, तर दुखणं सापडलं. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

टायर एका बाजूनेच झिजत असतील तर अलाइनमेंट करून घ्या. चाकं सरळ नसली की गाडी स्वतःलाच थोडी आडवी ओढत पळते.

पाय आणि वेग

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून जास्त. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे ९४.५ किलोमीटरचा आहे. सलग ८० ने गेलात तर ७१ मिनिटं, सलग १०० ने गेलात तर ५७. हा कागदावरचा हिशोब झाला, घाटात सगळ्यांचाच वेग उतरतो आणि फरक आणखी कमी होतो. त्या दहा-बारा मिनिटांसाठी किती पेट्रोल द्यायचं हे ज्याने त्याने ठरवावं. मी डावीकडच्या लेनमधून ८० ते ८५ ने जातो.

गणपतीला कोकणात जाताना टपावर बसवलेला कॅरियर दिवाळीपर्यंत तसाच असतो. रिकामा असला तरी तो हवा अडवतोच. परत आलात की त्याच आठवड्यात उतरवा.

क्लचवर पाय टेकवून चालवणं, चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं, पुढे सिग्नल लाल दिसत असताना शेवटपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर दाबणं, ही शहरातली गळती. शाळेबाहेर एसी लावून मुलांची वाट बघत बसणंही त्यातलंच. लहान गाडीसुद्धा उभ्या जागी एसीसकट तासाला साधारण पाऊण ते एक लिटर जाळते. दोन-दोन किलोमीटरच्या सुट्या फेऱ्या मारण्यापेक्षा एकाच फेरीत कामं उरका, कारण थंड इंजिन सगळ्यात जास्त पितं. बीएस ६ डिझेल गाडीला तर असा वापर सोसतच नाही. धुरातली काजळी अडवणारा तिचा डीपीएफ फिल्टर भरतो आणि ती काजळी जाळून टाकायला गाडी वरचेवर जास्तीचं डिझेल खर्च करते.

सगळं खापर ई२० वर

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमुळे अ‍ॅव्हरेज कमी होतं, हे खरं आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून २० टक्के इथेनॉल असलेल्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा जवळपास पावणेसात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या बनावटीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली आहे आणि ई२० साठी जुळवलेल्या गाड्यांसाठी १ ते २ टक्के. शिवाय ई२० च्या आधीही आपण १० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल भरतच होतो.

हिशोब तुम्हीच करून बघा. १६ चे १५ झाले तर ते इंधनामुळे असू शकतं, आणि ते मान्य करून पुढे जावं लागेल. १६ चे १२ झाले तर ती चौथाई घट आहे. एवढी घट इथेनॉलने होत नाही. गाडीत काहीतरी बिघडलंय आणि ई२० ला नावं ठेवत बसलात तर ते तसंच बिघडत राहील.

पैसे कुठे घालू नयेत

टाकीत ओतायच्या बाटल्या, पेट्रोलच्या नळीला बांधायची चुंबकं, डॅशखालच्या सॉकेटमध्ये खोचायची दिवा लुकलुकणारी डबी, यांपैकी कशावरही एक रुपया घालवू नका. मॅन्युअलमध्ये मागितलेलं नसेल तर महागडं प्रीमियम पेट्रोलही नको. एअर फिल्टर वेळेवर बदला, इंजिनासाठी ते गरजेचं आहे. पण इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत मळक्या फिल्टरने पिकअप जातो, अ‍ॅव्हरेजवर फारसा फरक पडत नाही. कॉम्प्युटर आत येणाऱ्या हवेच्या हिशोबानेच पेट्रोल देतो. ऑइल मात्र जपून निवडा. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात "दाट ऑइल चांगलं" म्हणून २०डब्ल्यू-५० टाकलं तर ते दाट ऑइल ढवळण्यातच इंधन जातं.

आणि गॅरेजला जाल तेव्हा "जरा ट्यूनिंग करा" असं सांगू नका. वही दाखवा. अ‍ॅव्हरेज कोणत्या महिन्यापासून पडलं, त्याच्या आधी गाडीचं कोणतं काम झालं होतं, हवा किती आहे, कोणतं चाक तापतं, एवढं सांगा. काही बदलायच्या आधी स्कॅनर लावून कुलंटचं तापमान आणि ऑक्सिजन सेन्सरचं रीडिंग बघायला सांगा. काढलेला प्रत्येक भाग हातात मागून घ्या.