दुकानदाराने महापालिकेला उभं राहायचं तर

आमचं हार्डवेअरचं दुकान. चौकात बसलेल्याला अख्खा प्रभाग तोंडपाठ असतो, म्हणून लोक म्हणतात, ‘शेठ, उभे राहा!’ राहा, पण आधी कागद.

वय २१ पूर्ण हवं आणि शहराच्या मतदारयादीत नाव हवं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर विषयच संपला. घरपट्टी-पाणीपट्टी आजच भरा, पावती जपा. दुकानापुढे विनापरवाना शेड टाकली असेल तर ती काढा. अनधिकृत बांधकामामुळे निवडून आलेल्याचंही पद जातं.

आपल्यासारख्यांची खरी गोम वेगळीच. महापालिकेला पाइप, रंग, सिमेंट पुरवत असाल, किंवा भागीदारीत तिचा ठेका असेल, तर उमेदवारी अडचणीत येते. अर्जाआधी वकिलाला सगळे करार दाखवा. बायकोच्या नावावर फिरवून चालेल, असं सांगणारा भेटेलच. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

खर्चाला बँकेत वेगळं खातं उघडा. गल्ल्यातून परस्पर बॅनरवाल्याला पैसे दिले की हिशेबाचा पिठलं-भात होतो, आणि निकालानंतर ३० दिवसांत तो सादर करावाच लागतो.

उधारीची वही प्रचार संपेपर्यंत कपाटात. ‘तुमचं राहू द्या हो’ म्हणालात तर ते आमिष ठरतं. वसुलीही थांबवा, तगादा लावलेला माणूस मत देत नाही.

मुंबईबाहेर बहुतेक प्रभागांत चार जागा असतात. एकट्याने लढण्यापेक्षा पॅनेल बघा. पत्रकं वाटायला मात्र स्वतः जा, सकाळी शटर उघडायच्या आधी.