पुणे, हैदराबाद की बेंगळुरू: दोन ऑफर हातात आल्यावर हिशेब कसा मांडायचा

लातूर, नांदेड, परभणीकडच्या पोरापोरींचा दरवर्षीचा ठरलेला प्रश्न. दोन ऑफर आल्यात, एक पुण्याची ६ लाखाची, दुसरी बेंगळुरूची ८ लाखाची, कुठं जाऊ? आणि घरात काका-मामा सगळे एका सुरात म्हणणार, आठ हे सहापेक्षा जास्तच असतंय की, विचार कसला करायलास. नेटवर शहरांचे महागाईचे इंडेक्स मिळतात, ते पण सोडा. त्यात कुटुंबाचा किराणा, शाळेची फी, रेस्टॉरंटचं जेवण असलं सगळं धरलेलं असतं, आणि तुम्ही राहणार शेअरिंगच्या रूमवर. स्वतःचाच हिशेब मांडायचा, वही-पेन घेऊन बसलं की एका संध्याकाळी होतोय.

सुरुवात ऑफर लेटरपासून. सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च, पॅकेज म्हणतात ते. तो आकडा म्हणजे आडतीत बोर्डावर लिहिलेला सोयाबीनचा भाव. हमाली, तोलाई, मॉइश्चरची कट जाऊन पट्टी किती येते ते आपल्या बापाला बरोबर माहीत असतं, पण पोरगं इंजिनिअर होऊन सहा लाखाला बारानं भागतंय आणि ५० हजार पगार म्हणून गावभर सांगतंय. असं नसतंय. समजा ६ लाखात ६० हजार व्हेरिएबल आहे, म्हणजे मिळालं तर मिळालं. बेसिक, म्हणजे मूळ पगार, ४० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. त्याच्या १२ टक्के कंपनीचा पीएफचा वाटा, २८,८०० रुपये, तो पण तुमच्याच सीटीसीत मोजलेला असतो. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे साडेअकरा हजार, आणि ती साधारण पाच वर्षं एकाच कंपनीत काढली तर हातात पडणार, जे आजकाल कुणीच काढत नाही. हे सगळं वजा केल्यावर महिन्याला साधारण ४१,६०० राहतात, त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ २,४०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला, की हातात ३९ हजार. काही कंपन्या पीएफ फक्त १५ हजारावर कापतात, म्हणजे महिन्याला १,८००, मग इन हँड थोडं वाढतं. आरोग्य विम्याचा हप्ता सीटीसीत घुसवलाय का तेही बघा. पीएफचा पैसा तुमचाच आहे, वाया जात नाही, पण घरमालकाला तो देता येत नाही ना.

ह्याच हिशेबानं, व्हेरिएबल तसंच दहा टक्के धरून, ८ लाखाचे हातात येतात ५२ हजार. म्हणजे पॅकेजमधला २ लाखाचा फरक महिन्याला १३ हजारावर आला. थोडक्यात असल्या ऑफरमध्ये सीटीसीतल्या एका रुपयाचे हातात ७८ पैसे पडतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

इन्कम टॅक्सचं टेन्शन सुरुवातीला घेऊ नका. नव्या रिजीममध्ये, म्हणजे नव्या कर पद्धतीत, २०२५-२६ पासून पगारदाराला ७५ हजाराचं स्टँडर्ड डिडक्शन धरून १२ लाख ७५ हजारापर्यंत टॅक्स शून्य आहे. त्याच्या बरंच वर गेलात की गणित बदलतं, म्हणजे १५ लाख ग्रॉस पगार असेल तर वर्षाला ९७,५०० टॅक्स, महिन्याला आठ हजार गेले. आणि एक, कुणीतरी सिनिअर सांगेल की भाडं जास्त असलं तरी एचआरएमध्ये, म्हणजे घरभाडे भत्त्याच्या टॅक्स सवलतीत, सुटतंय. ते जुन्या रिजीममध्ये. नव्यात एचआरएची सूट नाही, भाडं तुमच्या खिशातूनच.

आता खर्च. इथं सगळे शहराच्या नावावर जातात, पुणं स्वस्त, बेंगळुरू महाग, मुंबई तर विचारूच नका. पण तुम्ही शहरात राहत नसता, तुम्ही ऑफिसच्या गेटपासून काही किलोमीटरमध्ये राहत असता. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हा विचारा की ऑफिस नेमकं कुठल्या एरियात आहे आणि आठवड्यातून किती दिवस यायचंय. पुण्याचंच बघा, आपल्याकडची लई माणसं वाघोली-खराडीकडं नाहीतर हडपसर-मांजरीकडं राहतात, कारण संभाजीनगर, जालना, बीडच्या गाड्या नगर रोडनं येतात आणि लातूर-धाराशिवच्या सोलापूर रोडनं. चुलतभाऊ वाघोलीत आहे, त्याच्या रूमवर राहतो, भाडं वाचतंय, असं म्हणून पोरगं जातंय आणि ऑफिस निघतं हिंजवडी फेज थ्रीला! अख्खं पुणं आडवं कापून रोज जायचं आणि यायचं. महिनाभरात भाऊ सुटतो आणि हिंजवडीजवळ वाकडला रूम बघायची वेळ येते, तीही घाईत, ब्रोकर म्हणेल त्या भावानं. ऑफिस खराडीत किंवा मगरपट्ट्यात असेल तर मात्र चुलतभावासारखं सोनं नाही.

रूम बघताना भाड्याच्या आधी पाण्याचं विचारायचं. लातूरकरांना हे सांगायची गरज नाही, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आपण बघितलंय. पण पुण्याच्या कडेच्या कितीतरी सोसायट्या टँकरवर चालतात, २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरूचे बोअर आटले तेव्हा तिथंही तेच झालं. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि मेंटेनन्स कोण भरणार हे ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेलं नसेल तर तुम्हीच भरणार. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट रजिस्टर करायची जबाबदारी कायद्यानं घरमालकावर आहे, तरी खर्च अर्धा-अर्धा नाहीतर सगळा भाडेकरूवर ढकलतात, तो पण आधीच बोलून घ्या.

डिपॉझिट हा वेगळाच विषय. पुण्या-हैदराबादेत साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढं मागतात. बेंगळुरूत दहा महिन्यांची जुनी रीत, आता पाच-सहावर पण ऐकतात, तरी रक्कम मोठीच. पहिला पगार यायच्या आधी हे पैसे लागतात, मग घरचे कुठून तरी उचलून देतात, आणि त्याचं व्याज कुणीच हिशेबात धरत नाही. त्यापेक्षा पहिले काही महिने पीजीत काढा, एरिया कळू द्या, ऑफिसात दोन-चार जण जमले की मग फ्लॅट घ्या.

आता तो खर्च जो कुठल्याच इंडेक्समध्ये नसतो, गावाकडं जायचा. आपल्या पोरांना पोळा, दिवाळी, लग्नं, शेतातली कामं, आजी आजारी, काही ना काही असतंच. पुण्याहून लातूरला शुक्रवारी रात्री निघून सकाळी घरी. बेंगळुरूहून नांदेडची एक्स्प्रेस आहे, बिदर, उदगीर, परळी, परभणी करत येते, पण शनिवार-रविवारात जाऊन परत यायचं म्हणजे निम्मा वेळ गाडीतच. दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले काय भाव लावतात ते सगळ्यांना माहीत आहे, एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये असा २०१८ पासूनचा नियम आहे म्हणा, पण कागदावर. मुलींसाठी एक गोष्ट वेगळी मोजा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पुण्यात नोकरी असेल तर घरी येणं-जाणं निम्म्यात होतं. तेलंगणा आणि कर्नाटकात सरकारी बस महिलांना मोफत आहे हे खरं, पण ते तिथल्या रहिवाशांना, आपलं आधार लातूरच्या पत्त्यावर असेल तर कंडक्टर तिकीट फाडणारच.

तर मांडा मग. आकडे माझे उदाहरणाचे आहेत, तुमचे तिथं राहणाऱ्या दोघा-तिघांना फोन करून टाका. पुणे, हातात ३९ हजार. रूमचा वाटा ९, जेवण ५, रोजचं जाणं-येणं २, गावाकडं जाणं दीड, मोबाईल-कपडे-किरकोळ २, एकूण साडेएकोणीस. उरले साडेएकोणीस. बेंगळुरू, हातात ५२ हजार. रूम १३, जेवण ६, जाणं-येणं ३, गाव साडेतीन, किरकोळ अडीच, एकूण २८. उरले २४. म्हणजे २ लाखाच्या फरकातून महिन्याला साडेचार हजार खिशात राहिले. हे वाईट नाही, पण जे डोक्यात होतं ते पण नाही.

उलटं पण काढता येतं, आणि एचआरशी बोलताना हेच उपयोगी. नव्या शहरात महिन्याला ८,५०० जास्त लागणार (२८ हजारातून साडेएकोणीस वजा), वर्षाचे १ लाख २ हजार, त्याला ०.७८ नं भागा, आले १ लाख ३१ हजार. एवढं पॅकेज जास्त असेल तर तुम्ही फक्त बरोबरीत आलात. त्याच्या वर जे असेल तो खरा फायदा.

हैदराबादबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपल्याकडं सगळ्यांच्या तोंडात पुणंच असतं. उदगीर, देगलूर, उमरगा, नांदेड इथल्या माणसाला हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच होतो, आजोबांच्या पिढीला दवाखाना, कोर्ट, लग्नाचा बस्ता सगळं हैदराबादलाच. गच्चीबावली, माधापूर, हायटेक सिटी इथं ऑफिसं एका पट्ट्यात आहेत, मेट्रो रायदुर्गपर्यंत जाते, पैसे कमी असतील तर मियापूर-कुकटपल्लीकडून रोज जाता येतं. दखनी हिंदी आपल्याला घरच्यासारखीच. त्रास एकच, हॉस्टेलच्या मेसमध्ये तिन्ही त्रिकाळ भात. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली पोरं दोन महिन्यांत वैतागून स्विगीवर जातात आणि तिथं जेवणाचं बजेट डबल होतं. घरून पीठ नेऊन रूमवर भाकरी थापणारे पण आहेत, त्यांचे पैसे उरतात.

मुंबईत ऑफिस ऐरोली-घणसोलीकडं असेल तर लोकलचा पास स्वस्त, नांदेड-संभाजीनगरकडं यायला देवगिरी, तपोवन आहेत. पण भाड्याच्या मानानं जागा एवढीशी मिळते की फ्रेशरच्या पगारात मी तरी सांगणार नाही.

संभाजीनगरचं काय, असं पण विचारतात. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक ही औद्योगिक वसाहत आहे, वाळूजला कंपन्या आहेत, पण ते मुख्यतः कारखान्यांचं काम. सॅप (कंपन्यांचा कारभार चालवायचं सॉफ्टवेअर), ऑटोमेशन, कारखान्याचं आयटी असलं काम तुमचं असेल तर घरी राहून २५ हजार पगार पुण्यातल्या ३९ पेक्षा जास्त उरवून देतो. वेब किंवा डेटाचं काम करायचं असेल तर मात्र अडचण येते, कारण दुसरी नोकरी शोधायला गाव सोडावंच लागतं. आणि माझ्या मते पहिल्या नोकरीचं शहर निवडताना दुसरी नोकरी हाच सगळ्यात मोठा मुद्दा. पगार खरा वाढतो तो स्विच करताना, आणि रूम न बदलता स्विच करता येत असेल तर डिपॉझिट, ब्रोकरेज, सामान हलवणं सगळं वाचतं. म्हणून ऑफिसच्या आसपास तुमच्या कामाच्या अजून किती कंपन्या आहेत ते नोकरीच्या साईटवर एरिया टाकून बघा. इथं बेंगळुरू जिंकतं, मान्य करायला पाहिजे. महिन्याला साडेचार हजार कमी-जास्त असलं तरी दोन वर्षांनी हातातल्या अनुभवाला तिथं गिऱ्हाईक जास्त आहे. घरी दर महिन्याला पैसे पाठवायचेच असतील, भावाची लातूरच्या क्लासची फी तुमच्यावर असेल, आणि तुमच्या हिशेबात तिथं जास्त उरत असेल, तर पुणं किंवा हैदराबाद घ्या आणि दोन वर्षांनी बघा.

वर्क फ्रॉम होम मिळतंय म्हणून खूश होणाऱ्यांसाठी शेवटचं. गावात बसून शहराचा पगार, ह्याच्यासारखा हिशेब नाही, पण इन्व्हर्टर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट आणि मे महिन्यात कूलरची सोय आधी करा. आणि एचआर फोनवर काय म्हणतो ते सोडा, ऑफर लेटरमध्ये लोकेशन काय लिहिलंय ते वाचा. तिथं पुणे लिहिलेलं असेल तर कंपनी पंधरा दिवसांच्या नोटिशीवर पण बोलवू शकते. त्यामुळे दोन महिन्यांच्या डिपॉझिटएवढे पैसे बँकेत वेगळे पडलेले असू द्या.