बजी पाळताय? आधी ती पेटी उतरवा

बजी, म्हणजे बजरिगर हा छोटा पोपट, पाळणारे नवीन लोक मला जे प्रश्न विचारतात त्यांत पहिला नंबर एकाच प्रश्नाचा: "जोडी आणून महिना झाला, अजून अंडी का नाहीत?" पक्षी नीट खातोय का, त्याचं वजन किती, पिंजऱ्यात त्याला पंख पसरता येतात का, हे कुणी विचारत नाही. अंडी हवीत आणि लगेच हवीत. पुढच्या निम्म्या चुका या घाईतूनच येतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

पिंजऱ्याबरोबरच पेटी टांगणे

पिंजरा, दोन पक्षी, राळ्याची पिशवी आणि मडकं किंवा लाकडी पेटी. सगळी खरेदी एका फेरीत होते आणि अंधार पडायच्या आत सगळं टांगूनही होतं. माणसाला वाटतं, पेटी म्हणजे पक्ष्याचं घर, बिचारा रात्री झोपणार कुठे? बजी दांडीवर झोपतो. त्याला झोपायला पेटी लागत नाही. पेटीचा त्याच्या लेखी एकच अर्थ आहे: वीण सुरू करा.

बजी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. तिथे पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे थवे पाण्याच्या आणि गवताच्या बियांच्या मागे भटकत राहतात. पाऊस पडला, गवत बियांवर आलं आणि झाडात ढोली सापडली की अंडी घालायला उशीर करून चालत नाही, कारण ही सुगी कधी संपेल सांगता येत नाही. पिंजऱ्यात दाणापाणी बारा महिने भरपूर. कमी असते ती फक्त ढोलीची. तीही आपण टांगली की मादीच्या शरीराला थांबायला कारणच उरत नाही. मग ती पाच महिन्यांची असो, नाहीतर कालच मागच्या विणीतून मोकळी झालेली असो.

ओळखीतल्या एका मुलाचा रात्री फोन आला. मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली आहे, शेपूट वर-खाली होते आहे, जोर लावते आहे पण काही बाहेर येत नाही. फोटो मागवला. चोचीवरचा मऊ भाग, ज्याला सगळे सरळ नाक म्हणतात, अजून फिकट, पांढुरका-निळसर होता. तपकिरी रंगाचा पत्ता नव्हता. म्हणजे मादी वयातच आलेली नव्हती. विकणाऱ्याने मात्र "तयार जोडी" म्हणून दिलेली. मडकं पहिल्या दिवसापासून लावलेलं, खोलीतला दिवा मध्यरात्रीपर्यंत चालू, खायला नुसते राळे. दोन अंडी झाली होती, त्यांचे फोटो नातेवाइकांत फिरूनही झाले होते. तिसरं अडकलं.

अंड्याचं कवच कॅल्शियमचं असतं आणि ते मादी खाण्यातून आणि स्वतःच्या हाडांतून काढून देते. अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियम लागतं. नुसत्या राळ्यावर वाढलेल्या कोवळ्या मादीकडे ते आणायचं कुठून? मला फोन करायच्या आधी त्याला कुणीतरी सल्ला दिला होता की तेल लावून पोट हलकंच दाबायचं. त्याने हलकंच दाबलं. अंडं आत फुटलं. सकाळी डॉक्टरांनी जमेल तेवढं केलं, दुपारपर्यंत मादी गेली. मला खरी चीड आली ती पुढच्या फोनची. आठवडाही उलटला नव्हता आणि त्याला दुसरी मादी हवी होती, "पेटी तशीच ठेवलीये, जागा तयारच आहे."

तेव्हा नीट ऐका. अंडं अडकल्यासारखं वाटलं तर पोट दाबायचं नाही. मादीला लहान खोक्यात घ्या, एका बाजूला दिव्याची ऊब द्या, हवा साधारण 30 अंशांच्या आसपास राहू द्या, जवळ ओलं फडकं ठेवून थोडा दमटपणा आणा, आणि पक्ष्यांच्या डॉक्टरकडे निघा. सकाळची वाट पाहू नका.

माझी पद्धत अशी: मादी पूर्ण एक वर्षाची झाल्याशिवाय पेटी नाही. नाक गडद तपकिरी आणि खरबरीत झालेलं हवं, नराचं चकचकीत निळं. नर तिला दांडीवर घास भरवताना दिसला पाहिजे. त्याआधी दोनेक महिने समुद्रफेस, म्हणजे कटलबोन, पिंजऱ्यात कायम. शिवाय पालेभाजी, मोड आलेलं धान्य आणि अधूनमधून उकडलेलं अंडं कुस्करून. समुद्रफेस कुरतडत नाहीत अशी तक्रार येते. मग खरवडून पालेभाजीवर भुरभुरा. वर्षात दोन विणी झाल्या की पेटी उतरवायची, ती सहा महिने दिसतासुद्धा कामा नये. पेटी काढल्यावर मादीने तळाशी अंडी घातलीच, तर ती उचलून फेकू नका. उचललीत की ती भरपाई म्हणून आणखी घालते. बसून कंटाळू द्या, आणि पिंजऱ्यावरचा उजेड दहा तासांवर आणा.

"जोडी" नावाची दोन पक्ष्यांची पिशवी

तुमची जोडी ही जोडी आहे का, हे आधी बघा. दोन माद्या एकत्र ठेवल्या तर पेटीसाठी रक्त निघेपर्यंत भांडतात. दोन नर गुण्यागोविंदाने राहतात, एकमेकांना भरवतातही, आणि मालक अंड्यांची वाट पाहत बसतो. मोठ्या नराचं नाक निळं, मादीचं तपकिरी किंवा नाकपुडीभोवती पांढरी कडी असलेलं फिकट निळसर. पण लाल डोळ्यांच्या पिवळ्या आणि पांढऱ्या नरांचं नाक मोठेपणीही गुलाबी-जांभळंच राहतं. तिथे निम्मे लोक फसतात. पिल्लाच्या कपाळावर चोचीपर्यंत आलेल्या काळ्या रेघा असतात, त्या तीन-चार महिन्यांच्या पहिल्या पीसगळीत जातात. रेघा असलेला पक्षी "तयार" म्हणून कुणी देत असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. आणि एकाच ठिकाणाहून एकाच वयाचे दोन पक्षी घेतलेत तर ते सख्खी भावंडं असण्याची शक्यता चांगलीच आहे.

एका मोठ्या पिंजऱ्यात अनेक जोड्या ठेवणार असाल तर जोड्यांपेक्षा पेट्या जास्त हव्यात, आणि सगळ्या एकाच उंचीवर. वरच्या पेटीसाठी माद्या एकमेकींची पिल्लं मारतात. एकटी मादी अशा पिंजऱ्यात मुळीच ठेवू नका.

अंडी फोलच निघत असतील तर औषधं शोधण्याआधी दांडी हलवून बघा. दांडी डगमगत असेल तर नराला तोल सांभाळता येत नाही आणि मीलन अर्धवट राहतं. दोन खिळ्यांचं काम.

दर तासाला पेटी उघडणे, किंवा कधीच न उघडणे

बजीची मादी एक दिवसाआड अंडं घालते, साधारण चार ते सहा, आणि प्रत्येक अंडं उबायला सुमारे 18 दिवस लागतात. ती पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसते, त्यामुळे पिल्लंही एक दिवसाआड निघतात. "तीन निघाली, बाकीची खराब दिसतात, फेकू का?" या प्रश्नाचं उत्तर या हिशोबातच आहे. थांबा.

मी दिवसातून एकदा बघतो, मादी खायला बाहेर आली की. पेटीवर टिचकी मारायची, झाकण उघडायचं, पिल्लं मोजायची, पोटं भरली आहेत का बघायचं. पिल्लांच्या बोटांवर विष्ठा वाळून दगडासारखी होते. ती कोमट पाण्याने भिजवून मऊ करूनच काढा. कोरडी ओढलीत तर नख सोबत येतं. वरच्या चोचीच्या आतल्या बाजूला घास चिकटून सुकला असेल तर तोही साफ करा, नाहीतर चोच वाकडी वाढते. पेटीचा तळ मध्ये खोलगट हवा. सपाट, गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकतात, आणि एकदा फाकून वाढलेले पाय सरळ करणं फार अवघड.

पाण्यात पावडर टाकणे

हा माझा दुसरा आवडता शत्रू. पक्षी जरा सुस्त दिसला की पाण्यात अँटिबायोटिकची पावडर. आजार कोणता? माहीत नाही. मात्रा किती? चिमूटभर.

एका गृहस्थांकडे सुंदर थवा होता, वर्षानुवर्षं जमवलेला. त्यांनी एक वेगळ्या रंगाचा नर आणला आणि त्याच संध्याकाळी थव्यात सोडला. नर दिवसभर वाटीवरच असायचा, म्हणून हे खूश. काही दिवसांनी हातात धरला तर छातीचं हाड सुरीसारखं वर आलेलं आणि विष्ठेत अख्खे दाणे. भरपूर खाऊनही झडत चाललेला. पाण्यात पावडर सुरू झाली. ती संपली तशी दुसरी. तोवर आणखी पक्षी तसेच दिसू लागले. शेवटी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली गेली तेव्हा मॅक्रोऱ्हॅब्डस निघाला. ही पोटात वाढणारी बुरशी आहे, अँटिबायोटिकचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही. बुरशीचं औषध, एकेक पक्षी धरून चोचीत, असे उपचार सुरू झाले तेव्हा थव्याचा मोठा भाग संपलेला होता.

मुळात बजी कोरड्या प्रदेशातला, पाणी अगदी थोडं पितो. आजारी असला की आणखी कमी. पाणी कडू लागलं तर पीतच नाही. म्हणजे ज्याला औषध हवं त्याच्या पोटात ते जातच नाही. चिमटीचा हा उद्योग पक्ष्यापेक्षा मालकाच्या समाधानासाठी जास्त असतो.

नवीन पक्षी निदान 30 दिवस वेगळ्या खोलीत. त्याच पिंजऱ्याच्या शेजारी ठेवलेला दुसरा पिंजरा म्हणजे वेगळी खोली नव्हे. दाणापाणी जुन्या पक्ष्यांचं आधी, नव्याचं शेवटी, मग हात धुवायचे. आणि ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. पूर्ण वाढलेला बजी साधारण 30 ते 40 ग्रॅमचा. त्यातले चार ग्रॅम गेले तर पिसांमुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही, काट्याला दिसतं. पक्षी आजारपण लपवतात. तुम्हाला तो फुगून बसलेला दिसतो तेव्हा दुखणं जुनं झालेलं असतं. चोचीवर, डोळ्याभोवती मधाच्या पोळ्यासारखी खरबरीत खपली दिसली तर ते माइट्स, म्हणजे कातडीतले सूक्ष्म किडे, डॉक्टरच्या औषधाने हमखास बरे होतात. घरगुती तेलं चोपडून चोच वाकडी होईपर्यंत थांबू नका. पक्षी पाळणाऱ्या माणसाला स्वतःला ताप-खोकला लांबला तर डॉक्टरांना घरात पक्षी आहेत हे जरूर सांगा. सिटॅकोसिस हा आजार पक्ष्यांकडून माणसांत येतो.

पिल्लू लवकर काढून हाताने भरवणे

माणसाळवण्याचा हा शॉर्टकट समजला जातो. प्रत्यक्षात घास थोडा जास्त गरम झाला तर पिल्लाची अन्नपिशवी भाजते, थंड झाला तर आत साचून आंबतो, आणि सिरिंज जोरात दाबली तर घास फुप्फुसात जातो. नवशिक्याच्या हातून तिन्ही होतात. आईबाप भरवत असताना पिल्लांना रोज काही मिनिटं हातात घ्या, परत ठेवा. तेवढ्याने ती माणसाळतात. फक्त वेळ लागतो, आणि नेमका तोच कुणाकडे नसतो.

बाकीच्या चुका पटापट:

गोल पिंजरा नको. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण बजी आडवा उडतो. गजांतलं अंतर 12 मिलिमीटरच्या आत.

सगळ्या दांड्या एकाच जाडीच्या गुळगुळीत असतील तर तळपायांना फोड येतात. कमी-जास्त जाडीच्या झाडाच्या फांद्या लावा. वाळूकागद गुंडाळलेल्या दांड्या फेकून द्या.

आरसा काढा. एकटा नर आरशातल्या पक्ष्याला घास भरवत बसतो आणि तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी यातलं काहीही नाही. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, स्वयंपाकघरात पिंजरा नकोच.

पिल्लं पेटीबाहेर आली, साधारण 30 ते 35 दिवसांची, म्हणजे स्वतंत्र झाली असं नाही. पुढचा आठवडाभर तरी बाप त्यांना भरवतो. स्वतः दाणा सोलताना दिसली, पोट भरलेलं लागलं, मगच वेगळी करा. आणि वेगळ्या पिंजऱ्यात दाणा खाली, उथळ थाळीत पसरा. रोज थाळीवर फुंकर मारून बघा. बजी दाणा सोलून टरफल तिथेच टाकतो, त्यामुळे भरलेली दिसणारी थाळी कधीकधी नुसत्या फोलपटांची असते.