तारीख पडली की काय करायचं

डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. हा मंगळवार नको, पुढचा घेऊ म्हणाले. म्हणजे अकरा दिवस. साखरेनं आधी अंगठा काळा पडला होता, मग अर्धं पाऊल. आता उजवा पाय गुडघ्याखालून काढायचा होता. मी शिंपी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात तीस वर्षं त्याच पायानं पायडल मारून पोट भरलं.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होता, शुक्रवारी चर्चमध्ये क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणाच्या वाटेवरचे चौदा टप्पे, प्रार्थना करत चालायची. त्या अकरा दिवसांत मी येशूच्या यरुशलेमच्या प्रवासाकडे, क्रूसावरच्या मरणाकडे नेणाऱ्या, पहिल्यांदाच नीट बघितलं. त्यातून जे हाती लागलं ते लिहितो. ज्यांना तारीख मिळाली आहे, ऑपरेशनची, केमोची, कोर्टाच्या निकालाची, त्यांना वापरता आलं तर वापरा.

सगळ्यात आधी तारीख टळते का ते बघा. हे मी मुद्दाम पहिलं लिहितोय, कारण दुःख ओढवून घेणं म्हणजे श्रद्धा असं सांगणारे आमच्यातही आहेत. नासरेथात लोक येशूला कड्यावरून लोटायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात धोंडे उचलले तेव्हाही तो बाहेर पडला. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा, असं त्यानंच शिष्यांना सांगितलं. दिमिष्क शहरात लोक जिवावर उठले तेव्हा येशूचा प्रेषित पौल याला पाटीत बसवून रात्री तटावरून खाली सोडलं. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, औषध असेल तर घ्या. आणि जिला घरात मार खावा लागतो तिला कुणी "हा तुझा क्रूस आहे, सोस" म्हणत असेल तर ते ऐकू नका. तिनं माहेरी जावं, पोलिसांत जावं. मीही बेळगावात दुसरीकडे रिपोर्ट दाखवले. उत्तर तेच आलं. मग प्रश्न मिटला.

प्रश्न मिटला की काय होणार ते तपशिलासकट तोंडानं बोला. मार्कच्या शुभवर्तमानात आठव्या, नवव्या आणि दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना तीनदा सांगतो की पुढं काय आहे. तिसऱ्यांदा तर थुंकतील, फटके मारतील, जिवे मारतील, इथपर्यंत. तो "काहीतरी वाईट होईल" म्हणत नाही. नाव नसलेली भीती रात्री वाढते, नाव दिलं की तिला माप मिळतं. डॉक्टरांना विचारा: नेमकं कुठून कापणार, किती दिवस ठेवणार, दुखणं कधी जास्त असेल, पहिल्यांदा उभं कधी करणार. आमच्या भागात कागद कन्नडात नाहीतर इंग्रजीत असतात. सही करायच्या आधी कुणालातरी बसवून मराठीत समजून घ्या. माझ्या भाच्यानं प्रत्येक ओळ वाचून सांगितली. लाज वाटायचं कारण नाही.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली साधारण पाच-सहा इंच राहील. मी घरी आलो, टेप घेतला आणि गुडघ्यापासून सहा इंच मोजले. मग दोन पायजमे काढले, उजव्या पायावर खडूची रेघ मारली, शिवणाला दोन इंच सोडून कात्री चालवली. पहिला काप जड गेला. कापड तेच, कात्री तीच, पण हात थांबला. मग कर्रर आवाज झाला आणि पायजम्याचा पाय जमिनीवर पडला. तो मी घडी करून चिंध्यांच्या पेटीत ठेवला आणि कडा दुमडून तुरपाई करायला बसलो.

बायको आत आली. "अहो, काय करतासा हे? अजून मंगळवार यायचाय, अभद्र कुठलं!" म्हणत तिनं पायजमा हातातनं ओढून घेतला.

घरात हे होणार, तयारी ठेवा. पेत्र या शिष्यानंही येशूला बाजूला घेऊन दटावलं होतं, आणि "सैताना, माझ्यामागे हो" असं कडक उत्तर त्याला मिळालं. पण मला त्यापेक्षा कैसरिया शहरातला पौलाचा प्रसंग जवळचा वाटतो. अगब नावाचा संदेष्टा पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि म्हणतो, ज्याचा हा कमरबंद त्याला यरुशलेमेत असंच बांधतील. सगळे रडून विनवतात, जाऊ नको. पौल त्यांच्यावर डाफरत नाही. तुम्ही रडून माझं काळीज का तोडता, असं विचारतो. म्हणजे त्याचंही तुटत होतं, आणि तो तरी जाणार होता. शेवटी ते म्हणाले, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो, आणि गप्प झाले. त्यांना गप्प व्हायला वेळ लागला. तुमच्या माणसांनाही तो वेळ द्या. त्यांच्याशी वाद घालू नका, आणि त्यांच्या समाधानासाठी "काही होणार नाही" असं खोटंही बोलू नका.

भीतीचं काय? ती राहते. येशूनं अटकेच्या रात्री जिथं प्रार्थना केली त्या गेथसेमाने या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. तिथं येशू अतिशय अस्वस्थ झाला, जमिनीवर पडला. हा प्याला टळू दे म्हणाला, आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे होवो म्हणाला. मार्क लिहितो की त्यानं पुन्हा जाऊन तेच शब्द बोलून प्रार्थना केली. हे मला फार उपयोगी पडलं. नवे शब्द शोधत बसू नका. एकच वाक्य ठरवा, त्यात दोन्ही भाग असू द्या, टळू दे आणि तुझी इच्छा. पहिला भाग गाळून एकदम दुसऱ्यावर उडी मारू नका, प्रभूनंही मारली नाही. मी पहाटे तीनला जाग आली की तेच म्हणायचो, तीन वेळा, आणि परत आडवा व्हायचो.

त्या रात्री येशूनं तीन शिष्यांना जागं राहायला सांगितलं होतं. ते झोपले. तरीही तुम्ही कुणालातरी सांगा. झोपले तर झोपू देत.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. लूकच्या नवव्या अध्यायात येशू यरुशलेमेकडे निश्चयानं तोंड वळवतो. जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकात देवाचा सेवक म्हणतो की मी आपलं तोंड गारगोटीसारखं केलं आहे, त्याचीच आठवण होते. पण तो तिथं पोचतो कधी? एकोणिसाव्या अध्यायात. मधल्या दहा अध्यायांत काय आहे? चांगला शोमरोनी, उधळ्या मुलगा, मार्थेच्या घरचं जेवण, यरीहोच्या वाटेवर आंधळ्याला दृष्टी, जक्कयाच्या घरी मुक्काम. सोसायला निघालेला माणूस वाटेत लोकांच्या घरी जेवतो, गोष्टी सांगतो, कुणी हाक मारली तर थांबतो. निश्चय म्हणजे दात-ओठ खाऊन भिंतीकडे बघत बसणं, असा माझा समज होता. तो इथं गेला.

म्हणून तारखेपर्यंतचे दिवस रिकामे ठेवू नका. मी यात्रेच्या ऑर्डरी हातावेगळ्या केल्या. रोज अर्धा तास डाव्या पायानं पायडल मारायला शिकलो. आधी चाक उलटं फिरायचं, दोरा तुटायचा. आठव्या दिवशी एक सरळ शिलाई आली. शेजारच्या पोराला काज करायला शिकवलं.

फादरांना आधीच बोलवा. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग (फादर तेल लावून प्रार्थना करतात तो विधी) म्हणजे शेवटची घटका, असं आमची जुनी माणसं समजतात आणि फादर दारात दिसले की रडारड करतात. तो फक्त मरणाऱ्यांसाठी नाही हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (कॅथलिक बिशपांच्या सभेनं) १९६३ सालीच सांगितलं आहे. गंभीर ऑपरेशनच्या आधी घेणं योग्य, अशी चर्चची शिकवण आहे. आमच्या घरी सोमवारी सकाळी झाला. कपाळाला आणि दोन्ही हातांना तेल लावलं. हाताला सुईची घट्टी होती, तिच्यावर.

दुखणं कमी करायचं औषध नाकारू नका. येशूनं क्रूसावर खिळताना दिलेला गंधरस घातलेला द्राक्षारस घेतला नाही, हा दाखला मला एकानं दिला होता. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगितलं होतं की वेदना शमवणारं औषध घ्यायला ख्रिस्ती माणसाला हरकत नाही.

आणि एवढं सगळं करूनही तुम्ही कोसळाल. क्रूसाच्या वाटेच्या चौदा स्थानकांत येशू तीनदा पडतो, तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या. पाचव्यावर तर दुसऱ्या माणसाला क्रूस धरायला लावतात. मी ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी पडलो. नसलेल्या अंगठ्यात कळ आली, आणि मी वॉर्डात ओरडलो, देवालाही बोललो. बायको उशाशी होती. तिनं मला उगी उगी केलं नाही, नुसता हात धरून ठेवला.

संध्याकाळी तिनं पिशवीतनं पायजमा काढून मला घातला. उजवा पाय दोन इंच लांब झाला होता, बँडेजच्या खाली लोंबत होता. तिनं तो परत उतरवला, माझी तुरपाई उसवली, बाकावर बसून नवी दुमड घातली आणि दातानं दोरा तोडला.