डीबी उघडली की आधी बसबार बघा

धायरीतल्या एका बंगल्यात एप्रिलमधल्या रविवारी भर दुपारी गेलो होतो. पाच किलोवॅटचं सोलर बसून वर्ष झालेलं आणि डीबीतून, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या बोर्डातून, जळका वास येत होता.

"काका, एमसीबी किती वेळा पडला?"

"एकदाही नाही रे. म्हणून तर निर्धास्त होतो."

एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. कव्हर काढलं. मेन एमसीबीला चिकटूनच सोलरचा 32 अँपिअरचा एमसीबी होता आणि त्याच्या पुढे बसबारवरचं, म्हणजे सगळ्या एमसीबींना करंट पोचवणाऱ्या पट्टीवरचं, प्लास्टिक तपकिरी पडलं होतं. करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला, तर महावितरणच्या मीटरकडून 51 अँपिअर येत होते आणि सोलरच्या इन्व्हर्टरकडून 19. गाडीचं चार्जिंग, तीन एसी, इंडक्शन आणि पंप एकदम चालू. म्हणजे 70 अँपिअर वाहत होते आणि बसबार होता 63 चा. मेन एमसीबीही 63 चाच, पण त्याच्यातून 51 च जात होते. तो पडणार कशाला? सोलरच्या एमसीबीला तर 19 काहीच नव्हते. बेरीज फक्त बसबारला सोसावी लागत होती.

औंधच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं करून मी या कामात आलो. तिथे मला पुरवठा एकाच बाजूने येतो असं धरून विचार करायची सवय लागली. सोलरमध्ये नवा येणारा प्रत्येक जण ती सवय घेऊनच येतो, आणि ती मोडायला वेळ लागतो.

हिशेब असा करा. 5000 वॅट भागिले 230 व्होल्ट, साधारण 21.7 अँपिअर. तासन्‌तास चालणारा करंट म्हणून सव्वापट धरला तर 27, म्हणून एमसीबी 32 चा. मेन 63 अधिक सोलर 32, म्हणजे 95. बसबार निदान 100 चा हवा. ब्रिटनच्या वायरिंग नियमांतही अशीच सरळ बेरीज आहे आणि मला तीच पटते.

व्हिडिओ बघून शिकलेली मुलं मात्र 120 टक्क्यांचा नियम सांगतात. तो अमेरिकेचा आहे. तिथल्या 200 अँपिअरच्या पॅनेलला 200 चा मेन असला तर 200 चे 120 टक्के म्हणजे 240, त्यातून मेनचे 200 वजा, असे 40 अँपिअर सोलरला मिळतात. तेही सोलरचा ब्रेकर मेनच्या विरुद्ध टोकाला असेल तरच, कारण मग बसबारच्या कुठल्याच तुकड्यातून दोन्ही करंट एकत्र जात नाहीत. आपल्या 63 च्या डीबीत तोच हिशेब 12.6 वर थांबतो. पाच किलोवॅट त्यात बसतच नाही.

बॅटरी आली की आणखी जपायला हवं. सोलर आणि बॅटरी दोन्ही वापरणारा हायब्रिड इन्व्हर्टर संध्याकाळीही पूर्ण करंट देऊ शकतो, आणि नेमके तेव्हाच गीझर चालू असतात.

काकांच्या बंगल्यात मी सोलर डीबीतून बाहेर काढलं. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) आणि डीबी यांच्यामध्ये वेगळा बॉक्स बसवून त्यात 100 अँपिअरच्या बसबारवर जोड दिला. आता दोन्हीकडचा करंट एकत्र होऊन 63 च्या मेनमधूनच डीबीत शिरतो, त्यामुळे जास्त झाला की मेन पडतो. बसबार पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणला आणि त्यावर छापलेलं रेटिंग स्वतः वाचून घेतला. नुसतं जाड तांबं बघून घेऊ नका.

वीज बंद करताना मेन आणि सोलर दोन्ही पाडा, मग टेस्टरने बघा. बॉक्सच्या दारावर मराठीत पट्टी लावा: 'दोन बाजूंनी पुरवठा'. काकूंनी ती लगेच वाचली आणि विचारलं, "म्हणजे दोन्ही बटणं खाली करायची ना?"

हो, दोन्ही.