जुन्या व्हॉल्व्ह ट्रान्समीटरला हात लावताय? या चुका टाळा

काकांचा ट्रान्समीटर आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी माळ्यावर वीसेक वर्षं पडून होता. काका बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. सुटीत घरी आले की बसून स्वतः जुळवलेला सेट: ६व्ही६ व्हॉल्व्हचा क्रिस्टल ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग), पुढे ताकद वाढवणारा एकटा ८०७ व्हॉल्व्ह, आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह ५यू४. हा ८०७ महायुद्धानंतर सरप्लसच्या बाजारात ढिगाने आला आणि कितीतरी हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, पहिला ट्रान्समीटर त्याच्यावरच उभा राहिला. मी सेट खाली उतरवला, आणि सुधारायच्या नादात दोन वर्षांत जेवढा बिघडवला तेवढा वीस वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यालाही बिघडवता आला नव्हता.

'लावून तर बघू' म्हणत थेट प्लग घालणे

पडून राहिलेल्या सेटमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात, मेणकागदाचे गळके झालेले असतात. ते आधी बदला. नाहीतर गळक्या कपलिंग कंडेन्सरमधून ८०७ च्या ग्रिडवर, म्हणजे करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीवर, पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं आणि प्लेट लाल होते. मग पहिल्यांदा वीज द्यायची ती १०० वॅटच्या दिव्यातून. इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज लॅम्प. दिवा भक्कन पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा.

आपल्याकडे त्याच्याही आधी एक काम असतं. पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मर ओल पितो. श्रावणात मी प्रायमरी ते कोअर मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावला तर जेमतेम २ मेगओम. खोक्यात घालून शेजारी ६० वॅटचा दिवा तीन दिवस पेटता ठेवला, तर काटा २०० च्या पुढे गेला. हेअर ड्रायरने हे होत नाही, ओल वायंडिंगच्या पोटात असते.

गंजाचा स्प्रे हा दुसरा मोह. रोटरी स्विच आणि व्हेरिएबल कंडेन्सरवर तो मारला की सुरुवातीला सगळं छान चालतं. मग त्या तेलावर धूळ आणि मीठ चिकटतं आणि एचटीची (प्लेटला लागणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजची) ठिणगी कंडेन्सरच्या पानांमधून उडी मारायला लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घ्या. पोर्सिलेनवरचा मिठाचा थर डोळ्यांना दिसत नाही, तरी पुसाच.

५यू४ काढून डायोड बसवणे

ही माझी सर्वांत महागडी सुधारणा. व्हॉल्व्ह रेक्टिफायर गरम होतो, ५ व्होल्टला ३ अँपिअर नुसता फिलामेंटच खातो, मग दोन १एन४००७ लावले की काम झालं, असं वाटतं. वाटलंच.

ट्रान्सफॉर्मर ४००-०-४००. ५यू४ भाराखाली चाळीस-पन्नास व्होल्ट स्वतःकडेच ठेवून घ्यायचा. डायोड काहीच ठेवत नाही, त्यामुळे मोर्सची की उघडी, म्हणजे सेटवर भार नसताना एचटी थेट शिखरापर्यंत चढते: ४०० गुणिले १.४१४, म्हणजे ५६५ व्होल्ट. हे २३० च्या मेन्सला. रात्री अकरानंतर गाव झोपलं की आमच्याकडे २५० येतात, मग ६१५. आणि कंडेन्सर होते ५०० व्होल्टचे. डायोडची गोष्ट वेगळीच. सेंटर टॅप रेक्टिफायरमध्ये प्रत्येक डायोडवर उलट्या बाजूने दुप्पट शिखर पडतं, म्हणजे २३० लाच ११३० व्होल्ट. १एन४००७ ची मर्यादा १०००.

चार संध्याकाळी चाललं. पाचव्या संध्याकाळी एक डायोड शॉर्ट झाला, कंडेन्सरवर एसी गेला, 'भप्प' आवाज झाला आणि पडवीभर कागदाचा कापूस उडाला. वास आठवडाभर गेला नाही. फ्यूज? त्याच्या जागी कुणीतरी तांब्याची तार गुंडाळली होती. तो कुणीतरी मीच.

चांगला ५यू४ असेल तर राहू द्या. नसेलच, तर प्रत्येक बाजूला तीन डायोड सिरीजमध्ये लावा. कंडेन्सर ३५० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये, प्रत्येकावर २२० किलोओम, २ वॅटचा रेझिस्टर. हेच रेझिस्टर सेट बंद केल्यावर कंडेन्सर रिकामे करतात. तरीही त्यांच्यावर विश्वास टाकू नका. जुन्या सेटमधला ब्लीडर रेझिस्टर बहुधा तुटलेलाच निघतो. मी प्लग काढून लगेच हात घालायला गेलो तेव्हा काका पडवीतूनच ओरडले, "रे, ता अजून जिवंत आसा! एक हात खिशात घाल आणि आधी शॉर्ट कर." लाकडी काठीच्या टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याला चेसिसशी (सेटच्या धातूच्या सांगाड्याशी) जोडलेली वायर. ती काठी आता टेबलालाच टांगलेली असते.

प्लेट करंट शून्य, तरी आतली जाळी लाल

ही खास किनाऱ्यावरची तक्रार. ८०७ ची प्लेट डोक्यावरच्या टोपीला जोडलेली असते आणि त्या टोपीवरच्या क्लिपला हिरवा गंज चढतो. प्लेटची वाट बंद झाली की सगळे इलेक्ट्रॉन स्क्रीनकडे, म्हणजे त्या आतल्या जाळीकडे, धावतात. स्क्रीन काही सेकंदांत जाते. मीटर शून्यावर दिसला की 'ट्यूनिंग चुकलं असेल' म्हणून नॉब फिरवत बसू नका, की सोडा. क्लिप घासून घट्ट करा आणि स्क्रीनचं व्होल्टेज ३०० च्या आत आहे ना, तेही मोजा.

नवा क्रिस्टल, जुना ऑसिलेटर

जुने एफटी-२४३ क्रिस्टल दणकट. आजचे बारीक एचसी-४९ साधारण एका मिलिवॅटच्या पुढे कुरकुरतात. ६व्ही६ ला ते लावले की आधी सूर चिवचिवतो, मग क्रिस्टल तडकतो. ऑसिलेटरचं स्क्रीन व्होल्टेज खाली आणा.

जुन्या सेटमध्ये बऱ्याचदा की थेट कॅथोडला असते. की उघडी असताना तिच्या टोकांवर चांगला झटका बसेल एवढं व्होल्टेज असतं. इलेक्ट्रॉनिक कीअर (टिंब-रेघा आपोआप पाडणारं यंत्र) तिथे जोडला तर त्याचा ट्रान्झिस्टर त्याच क्षणी गेला समजा. मध्ये रिले घाला.

अर्थिंग आणि चेसिस

मेन्सच्या दोन्ही तारांपासून चेसिसला जोडलेले छोटे कंडेन्सर असतील तर दोन पिनांच्या प्लगवर चेसिस निम्म्या मेन्सवर तरंगतं. ओल्या लादीवर अनवाणी उभं राहिलं की ते कळतं. ते काढून वाय दर्जाचे, म्हणजे मेन्स आणि चेसिसच्या मध्ये बसवायलाच बनवलेले कंडेन्सर बसवा आणि तीन तारांची केबल घाला. पण अर्थिंग खरं हवं. आमच्याकडे जांभ्यात दांडा फूटभरही जात नाही, आणि उन्हाळ्यात सुकलेला जांभा वीज नीट वाहून नेत नाही. विहिरीजवळच्या मऊ मातीत खड्डा घेऊन कोळसा-मीठ भरलं, मगच जमलं.

पाय नेटवर्क लावताना विसरलेली एक वस्तू

कोअॅक्स (अँटेनाकडे जाणारी केबल) जोडण्यासाठी आउटपुटला पाय नेटवर्क, म्हणजे ग्रीक π अक्षरासारखी कॉइल आणि दोन कंडेन्सरची जुळणी, करणं ही चांगली सुधारणा. पण एचटी अडवणारा त्यातला ब्लॉकिंग कंडेन्सर फुटला तर पूर्ण एचटी अँटेनावर जाते. माझा ७ मेगाहर्ट्झचा ६६ फुटी डायपोल अँटेना दोन माडांना बांधलेला, आणि त्या माडांवर नारळ पाडायला माणूस चढतो. आउटपुट आणि चेसिसच्या मध्ये २.५ मिलिहेन्रीचा चोक (कॉइल) टाका. कंडेन्सर गेला तर एचटीला जमिनीचा रस्ता मिळतो आणि फ्यूज उडतो. अर्थात फ्यूज खरा असेल तर.

ट्यूनिंग करताना अँटेनाऐवजी दिवा जोडू नका. १०० वॅटचा घरगुती दिवा पूर्ण पेटल्यावर ५०० ओमच्या पुढे असतो आणि थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे तुम्ही नक्की कशाला ट्यून करताय हेच कळत नाही. १ किलोओम, २ वॅटचे वीस कार्बन किंवा मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडा, तारेचे गुंडाळलेले नकोत: ५० ओम, ४० वॅट. त्यावर क्रिस्टल काढून की दाबा. तरीही प्लेट करंटचा काटा डुलत असेल तर ८०७ स्वतःच गुणगुणतोय. टोपीजवळ ४७ ओमच्या रेझिस्टरवर तारेचे पाच-सहा वेढे घाला. तो गप्प झाला, आणि लायसन्स हातात असलं, की मग अँटेना लावा.